गावावरून जाते, गावात थांबत नाही

शहाडला आमच्या भागात सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक लहानसा कट्टा आहे. कोणी रेयॉनच्या कारखान्यातून, कोणी बँकेतून, तर कोणी माझ्यासारखा महाविद्यालयातून निवृत्त झालेला. गेल्या मार्गशीर्षात एका मित्राने राजस्थानच्या रेल्वेसहलीचे रंगीत पत्रक आणले. जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारा मार्ग, खिडकीबाहेर वाळूचा समुद्र, मध्येच हिरवीगार शेते, असे वर्णन त्यात होते. मंडळी हरखून गेली. "प्रोफेसर, तुम्ही येणार ना?" असे मला विचारले गेले, तेव्हा मी सहज म्हणून गेलो की रखरखीत माळ आणि हिरवे शेत एकाच खिडकीतून पाहायचे असेल, तर आपल्याच स्टेशनावर कसारा गाडीत बसले तरी पुरे. मंडळी हसली. त्यांच्या हसण्याने म्हणा किंवा स्वतःच्या बोलण्याची परीक्षा पाहावी म्हणून म्हणा, वैशाखात मी एकटाच शहाडहून मनमाडला जाण्यासाठी निघालो. एकाही जलद गाडीत बसायचे नाही आणि राखीव तिकीट काढायचे नाही, एवढे पथ्य मी पाळले होते.

हा लेख प्रवासवर्णन म्हणून लिहिलेला नाही. ह्या प्रवासात एक प्रश्न माझ्या मनात उभा राहिला, तो कार्यकर्त्यांपुढे ठेवावा एवढाच हेतू आहे. परंतु प्रश्न खिडकीतून दिसला, म्हणून खिडकीपासूनच सुरुवात करतो.

शहाड सुटले की गाडी उल्हास ओलांडते आणि आंबिवलीनंतर काळू लागते. टिटवाळा मागे पडले की इमारती विरळ होतात, वीटभट्ट्या आणि भाताची उन्हाळ्यात ओस पडलेली खाचरे दिसू लागतात. खडवलीला भातसा नदी भेटते. आसनगावला माहुलीचे सुळके उजेडात येतात. सकाळी मुंबईकडे जाणारी गाडी माणसांनी फुगलेली असते. उलट दिशेच्या गाडीत मात्र पाय पसरून बसता येते. तरीही ती गाडी रिकामी नसते. पहाटे कल्याणला गेलेल्या बाया करवंदे, जांभळे, रानभाज्या विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतत असतात. दूधवाल्यांच्या रिकाम्या किटल्या लगेजच्या डब्यात खडखडत असतात.

माझ्यासमोर खर्डीला उतरणारी एक वयस्क आदिवासी बाई बसली होती. "कुठवर जाता, बाबा?" तिने विचारले. मी मनमाड म्हटल्यावर ती म्हणाली, "मग ही गाडी नाय जायाची. कसाऱ्याला उतरा नि जीप धरा." बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला. तिच्या पाड्यावर टँकर येतो, आणि तोही रोज नव्हे. मी भातसा धरणाचे नाव काढले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "धरान आमचं, पानी मुंबईचं." तिच्या आवाजात राग नव्हता. पावसाळा कधी येतो हे सांगावे तसे तिने ते सांगितले.

अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. परंतु तिने चार शब्दांत जे सांगितले ते वर्गात मांडायला मला दोन तास लागले असते. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे त्याच तालुक्यात भातसा धरण झाले आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकटे भातसा उचलते. घाट चढून इगतपुरी तालुक्यात गेलो, तर ऊर्ध्व वैतरणेचे पाणीही मुंबईलाच येते. मुंबईला पाणी मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. तिथल्या झोपडपट्टीतल्या नळावरही कष्टकरीच रांगेत उभा असतो. प्रश्न एवढाच की, ज्या पाड्यांच्या शेजारून हे पाणी जाते, तिथे ते दर उन्हाळ्यात टँकरने का न्यावे लागते? जलवाहिनी गावावरून जाते, गावात थांबत नाही.

कसाऱ्याला लोकल संपते. पुढे इगतपुरीपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरचा थळ घाट. ३७ फुटांना १ फूट अशी ह्या घाटाची चढण आहे. म्हणून गाडीला मागून जोर देण्यासाठी आणखी इंजिने जोडावी लागतात. १ जानेवारी १८६५ रोजी हा घाट रेल्वेला खुला झाला. त्याचे बोगदे आणि पूल ज्या मजुरांनी खोदले व बांधले, त्यांची नावे कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत. २०२० पर्यंत मुंबई–भुसावळ पॅसेंजर हा घाट चढत असे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे देशातल्या सर्वच प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे २०२२ साली इगतपुरीपासून भुसावळपर्यंत मेमू गाडी आली, परंतु घाटाचा टप्पा पॅसेंजरविना राहिला. एकीकडे लोकल कसाऱ्याला संपते, दुसरीकडे मेमू इगतपुरीला सुरू होते, आणि मधले पंधरा किलोमीटर साध्या तिकिटाच्या माणसाने जीपमध्ये दाटीवाटीने बसून ओलांडावेत, अशी ही व्यवस्था. मीही तसाच ओलांडला. जीप वळणावर असताना खालच्या रुळांवरून एक लांबलचक जलद गाडी डौलाने वर चढताना दिसली. तो देखावा सुंदर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

इगतपुरीपासून जो प्रदेश सुरू होतो, त्याच्यासारखा भूगोलाचा धडा क्वचितच कुठे मिळेल. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घोटीच्या आसपास भाताची खाचरे आणि भाताच्या गिरण्या, दक्षिणेला कळसूबाईची रांग. पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली अशी एकेक स्टेशने मागे पडतात तसतसा पाऊस कमी होत जातो. नाशिक रोडनंतर ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव. इथे द्राक्षाचे मांडव, कांद्याच्या चाळी, कालव्याच्या पाण्यावरची हिरवळ. लासलगाव सोडले की जमीन एकदम उघडी पडते. समिट नावाचे लहानसे स्टेशन येते, आणि त्यानंतर सपाट माथ्याचे डोंगर, करपलेले माळ, दूर हडबीच्या शेंडीचा उभा सुळका. मनमाड–नांदगाव भागात इगतपुरीच्या फार तर पाचवा-सहावा हिस्सा पाऊस पडतो. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येणे म्हणजे काय, हे मनमाडकरांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे.

म्हणजे वाळवंट पाहायला मला राजस्थानात जावे लागले नाही. उलट राजस्थानचे उदाहरण आपल्याला वेगळेच काही शिकवते. सतलजच्या हरिके बंधाऱ्यातून निघालेला इंदिरा गांधी कालवा शेकडो किलोमीटर वाळू ओलांडून जैसलमेर जिल्ह्यात पोचला, आणि माझ्या मित्राच्या पत्रकातली बरीचशी हिरवी शेते त्याच पाण्यावर उभी आहेत. त्या कालव्याने काही ठिकाणी जमिनी पाणथळ केल्या, जमिनींच्या वाटपात अन्यायही झाले; तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध होते. पाऊस किती पडावा हे निसर्ग ठरवतो; पाणी कुठे पोचावे हे समाज ठरवतो. राजस्थानच्या वाळूत पाणी पोचू शकते आणि शहापूरच्या धरणाशेजारच्या पाड्यावर पोचू शकत नाही, ह्याचे उत्तर भूगोलात सापडणार नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूर शहर कोरडे पडले, तेव्हा राजस्थानातल्या कोट्याहून टाकीचे वाघिणी डबे धुऊन-पुसून आणण्यात आले, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० डब्यांची गाडी धावू लागली. ज्यांनी हे काम केले त्या रेल्वे कामगारांचे ऋण लातूरकर विसरणार नाहीत. परंतु त्या गाडीने आणखी एक गोष्ट दाखवली. शासनाने मनावर घेतले की रेल्वे नफा-तोट्याचा हिशेब बाजूला ठेवून थेट माणसाच्या गरजेसाठी धावू शकते. संकटाच्या वेळी जे शक्य होते, ते एरवीच्या दिवसांत अशक्य का व्हावे?

इगतपुरीच्या मेमूत माझ्याभोवती बसलेली माणसे कोण होती? द्राक्षाच्या बागेत आणि कांद्याच्या चाळीत रोजावर जाणाऱ्या बाया, लासलगावच्या बाजारात हमाली करणारे दोघे भाऊ, निफाडला तहसील कचेरीत दाखला काढायला निघालेला एक म्हातारा शेतकरी, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाळंतीण आणि तिची आई. ह्यांपैकी एकही जण देखावा पाहत नव्हता. खिडकीबाहेर जे होते ते त्यांचे कामाचे ठिकाण होते. ह्यांच्यासाठी ही गाडी थांबली नाही, तर रोजाच्या कमाईतला मोठा हिस्सा जीपच्या भाड्यात जातो, किंवा त्या दिवशीचा रोजच बुडतो. शेतमजुरी ज्या गावात कमी मिळते त्या गावातली बाई दहा कोस पलीकडच्या चांगल्या मजुरीपर्यंत पोचू शकते ती केवळ अशा गाडीमुळे. स्वस्त आणि थांबणारी गाडी मजुराची सौदाशक्ती वाढवते, ही गोष्ट आपल्या चळवळीने कधी पुरेशी मांडलेली नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल ह्याच देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली. नंतर फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सूटही देण्यात आली. शेतमालाला गाडी मिळाली ह्याचा आनंदच आहे. परंतु त्या वेळी पॅसेंजर गाड्या बंद होत्या. पुढे त्यांतल्या अनेक सुरू झाल्या त्या 'एक्सप्रेस' हे नाव घेऊन; स्टेशने तीच, वेग जवळजवळ तोच, मात्र किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा पूर्ववत झाले. मधल्या सुमारे तीन वर्षांत, कांद्याला सवलत आणि कांदा काढणाऱ्या बाईला तिप्पट भाडे, अशी स्थिती होती. ह्यावर किती मोर्चे निघाले? आमच्या कट्ट्यावर ज्येष्ठ नागरिकांची २०२० साली गेलेली सवलत हा रोजचा विषय आहे. पॅसेंजरच्या तिप्पट भाड्याचा विषय तिथे एकदाही निघाला नव्हता, आणि काढणाऱ्यांत मीही नव्हतो, हे कबूल केले पाहिजे.

रेल्वेच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. त्यांना टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप तोट्याचा. काही वर्षांपूर्वी तिकिटांवर छापले जाऊ लागले की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते. जणू प्रवाशाने उपकारच मानावेत. परंतु ह्या आकड्यामागे संयुक्त खर्चाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. त्याच रुळावरून कोळशाची मालगाडी जाते, जलद गाडी जाते आणि मेमूही जाते. रूळ, सिग्नल, पूल, गँगमनचे पगार ह्यांतला किती खर्च कोणाच्या नावावर मांडायचा, ह्याला निसर्गनियम नाही. तो हिशेबनिसाने मान्य केलेला संकेत असतो. संकेत बदलला की तोटा बदलतो. शिवाय मेमूमुळे जी मजुरी मिळते, जे मूल शाळेत टिकते, जो रुग्ण वेळेवर पोचतो, त्याची नोंद रेल्वेच्या वहीत कुठेच होत नाही. १९२४ पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ साली सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. तेव्हापासून तर रेल्वेने स्वतःपुरता नफा-तोटा पाहावा ह्या युक्तिवादाला उरलासुरला आधारही राहिलेला नाही. रस्ता बांधताना आपण त्याच्यापासून किती टक्के वसुली झाली असे प्रत्येक पादचाऱ्याच्या हातात लिहून देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार्गावर जागा नाही. एक हळू गाडी सोडली की तिच्यामागे जलद गाड्या अडकतात. ही अडचण खरी आहे. कल्याण–कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम एका तपाहून अधिक काळ रेंगाळले, हेही तितकेच खरे. परंतु जागा कमी असते तेव्हाच तर वाटपाचा प्रश्न उभा राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्याच मार्गाने शिर्डीची वंदे भारत सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जालन्याची. त्यांना जागा मिळाली. लोकांना शिर्डीला आणि जालन्याला लवकर पोचू नये असे मी म्हणत नाही. परंतु रूळ हे धरणातल्या पाण्यासारखे सामाईक धन आहे. त्यावरून कोणाची गाडी आधी जावी आणि कोणाची बाजूच्या रुळावर थांबवून ठेवावी, हा तांत्रिक वाटणारा निर्णय प्रत्यक्षात राजकीय निर्णय असतो. उगावच्या बाजूला आमची मेमू थांबवून ठेवली गेली आणि शेजारून बंद काचांची गाडी निघून गेली, तेव्हा डब्यातल्या बायांनी मानही वर केली नाही. एवढी सवय त्यांना झालेली आहे.

समाजवाद्यांना हा प्रश्न नवा नाही. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची दैना गांधीजींनी १९१७ सालीच देशापुढे मांडली होती. प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ ह्या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या पुढाकाराने. पहिल्या वर्गाला खाली खेचण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर आणावे, ही त्यांची दृष्टी होती. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती वर्गविहीन गाडी म्हणून; जलद गाडी आणि साधा प्रवासी ह्यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे तिने दाखवले. ही गीतांजली आजही शहाडवरून जाते, फक्त आता तिला वातानुकूलित डबे आहेत आणि वर्गही आहेत. मधल्या काळात अनेक गाड्यांचे सर्वसाधारण डबे कमी होत गेले. लोक दारात लोंबकळू लागले तेव्हा २०२४ साली असे डबे वाढवण्याची घोषणा करावी लागली. दुसरीकडे, डोंगर-दऱ्या पाहण्यासाठी काचेच्या छताचे डबे पुण्याच्या आणि गोव्याच्या गाड्यांना लागले. देशाचे सौंदर्य पाहण्याची हौस वाईट नाही. परंतु देश पाहणाऱ्याला फिरती खुर्ची मिळावी आणि देश नांगरणाऱ्याला उभे राहायला जागा मिळू नये, हा क्रम उलटा आहे.

मग करायचे काय? माझ्या मते तीन मागण्या ठामपणे पुढे न्याव्यात. पहिली, कल्याण ते मनमाड अशी सकाळ-संध्याकाळ थांबत जाणारी, साध्या भाड्याची गाडी सुरू व्हावी; मागून इंजिने लावून घाट चढणे ह्या देशाला १८६५ पासून येते, तेव्हा तांत्रिक अडचणीचे कारण पुरेसे नाही. दुसरी, अशा गाडीत टोपल्या, किटल्या, भाजीची गाठोडी ठेवायला हक्काची जागा असावी. विकणाऱ्या बाईला तपासनिसाची भीती वाटू नये. तिसरी, थांबे आणि वेळापत्रक ठरवताना रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्यांत लहान स्टेशनांवरच्या नित्य प्रवाशांना, विशेषतः स्त्रियांना, स्थान मिळावे. आणि ह्याच मागण्यांच्या जोडीने धरणाशेजारच्या पाड्यांचा पाण्यावरचा पहिला हक्कही मागितला पाहिजे, कारण दोन्ही प्रश्नांचे मूळ एक आहे.

परंतु मागणी करण्यापूर्वी माहिती हवी. ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी एक आठवडा ठरवून आटगाव, खर्डी, कसारा, घोटी, निफाड, लासलगाव ह्या स्टेशनांवर वही-पेन्सिल घेऊन बसावे. किती माणसे चढली, कुठे निघाली, कोणत्या कामाला, गाडी चुकली तर जीपला किती द्यावे लागतात, एवढे चार प्रश्न पुरेत. आपल्यापैकी बहुतेक जण आता जिल्ह्याच्या बैठकीला मोटारीने किंवा राखीव डब्यातून येतात. मीही त्याला अपवाद नाही. निदान त्या आठवड्यात साध्या तिकिटाने प्रवास करावा. ही वही हाती असली, म्हणजे रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढे आणि लोकप्रतिनिधींपुढे बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.

मनमाडहून मी त्याच मार्गाने परत आलो. कसाऱ्याला शेवटच्या गाड्यांपैकी एक मिळाली. खर्डीला गाडी थांबली तेव्हा फलाटावर अंधारात दोन-तीन बाया रिकामे हंडे घेऊन नळापाशी बसल्या होत्या. मित्रांच्या जैसलमेरच्या सहलीला मी जाणार आहे. त्यात वावगे काही नाही. पण जाण्यापूर्वी कट्ट्यावरच्या मंडळींना एकदा ह्या गाडीने खर्डीपर्यंत न्यायचे, असे मी ठरवले आहे. चौघांनी होकार दिला आहे. वही मी घेतली आहे.